कपाटातलं पिवळं कार्ड: सिकलसेलच्या घरात वाढलेल्या मोठ्या बहिणीचं प्रकरण

प्रकरणाबद्दल

उत्तर नागपुरातलं एक घर. आई-वडील, मोठी मुलगी, धाकटा मुलगा. मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष. या आजाराच्या मुलांच्या घरांसोबत मी समुपदेशक म्हणून काम करते. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला ताई म्हणते, मुलाला बाबू; विदर्भात निम्म्या घरांत ही नावं असतातच.

फाइल बाबूच्या नावाची असली तरी इथे ताईबद्दलच जास्त येईल. त्या जाडजूड फाइलमध्ये तिच्याविषयी एकच ओळ होती: ‘एक मोठी बहीण, निरोगी.’

पार्श्वभूमी

बाबू दीड वर्षाचा असताना त्याचे हातापायांचे पंजे सुजले. मार लागला असेल, वात असेल, असं करत दोन-तीन खासगी दवाखाने झाले. शेवटी सरकारी रुग्णालयात आधी सोल्युबिलिटी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि एसएस निघालं. आई-वडील दोघंही एएस, म्हणजे वाहक: एकच जनुक सदोष, स्वतःला आजार नाही. दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच आजार होतो, आणि वाहक जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. ५० टक्के शक्यता मूल वाहक होण्याची, उरलेली २५ टक्के पूर्ण मोकळं निघण्याची.

विदर्भाला हा आजार नवा नाही. आदिवासी, अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग अशा अनेक समाजांत तो आहे, आणि जातीतच लग्नं होत असल्यामुळे वाहकाला वाहक भेटायचा योग वाढतो. नागपुरात अशा घरांना मेडिकल, मेयो आणि डागा ही तीन सरकारी रुग्णालयांची नावं पाठ असतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला, त्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाच्या जोडीला सिकलसेलही आहे. तरी बाबूचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला वडील बरेच दिवस तयार नव्हते. शिक्का बसेल म्हणून. अर्ज अखेर ताईनेच भरला, तेव्हा ती दहावीत होती.

निदान झालं तेव्हा ताई आठ वर्षांची होती. तिला कोणी काही सांगितलं नाही. मोठ्यांच्या बोलण्यातून ‘रक्तातून आलं’ एवढं कानावर पडलं. त्याचा तिने लावलेला अर्थ पुढे दहा वर्षांनी तिच्याच तोंडून ऐकला: “मले वाटे, मी त्याले माझं उष्टं पाणी पाजलं म्हणून झालं.”

या आजारात ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी घटलं, थंडी वाजली, ताप आला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या भागाला रक्त मिळेनासं होतं. मग दुखतं. हाडांतून उठणारं ते दुखणं घरात क्रायसिस या एकाच शब्दाने ओळखलं जातं. नागपूरचं हवामान याला दोन्ही बाजूंनी धार्जिणं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, शरीर कोरडं पडतं. त्यावर उपाय म्हणून घराघरात कूलर, आणि त्याचा ओला गार झोत थेट अंगावर आला की बाबूचे गुडघे धरतात. म्हणून सगळं घर कूलरसमोर झोपायचं, बाबू कोपऱ्यात भिंतीकडे. त्याला एकट्याला तिकडे झोपायची भीती वाटायची, म्हणून सोबत ताई. सगळे उन्हाळे तिने त्या गरम कोपऱ्यात काढले. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा वाढला की शेकायची रबरी पिशवी भरून ठेवायचं कामही तिचंच.

ही कामं तिला कोणी नेमून दिली नव्हती. आई घरी शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. वडील बुटीबोरीला कंपनीत, पाळीची नोकरी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचता येणारी घरात ताई एकटी. क्रायसिस कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, ठरावीक महिन्यांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, कोणत्या बाटलीत पाणी किती संपलं, सगळं तिच्या डोक्यात. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यात पाणी भरपूर प्यावं लागतं, त्यामुळे बाबू अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. शेजारी कळू नये म्हणून सकाळी शाळेत जाण्याआधी चादर धुऊन मागच्या तारेवर टाकायचं काम ताई करत होती. आईने मला हे कौतुकाने सांगितलं. आईला खरंच कौतुक होतं, हेही लिहायला हवं.

अडचण

आई माझ्याकडे आली ती जूनमध्ये. तक्रार अशी, की बारावी आणि सीईटी झाल्यापासून पोरगी बदलली. बोलत नाही. बाबूला औषधाची आठवण करत नाही. त्याने हाक मारली तर उठून जाते. “अभ्यासाचा ताण असंन,” आई म्हणाली, “तिले दुसरं काय आहे? तिले तर काही नाही.”

परीक्षा संपून महिना उलटल्यावर अभ्यासाचा ताण कसला, एवढं मला खटकलं. ताईला एकटीलाच पाठवा म्हटलं. ती आली, बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत बसली आणि मग आतून एक पिवळं कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं.

प्रवेशासाठी जातीचा दाखला, डोमिसाइल असे कागद शोधताना आईच्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ते तिला सापडलं होतं. आपल्याकडे सिकलसेल तपासणीत रुग्णाला लाल आणि वाहकाला पिवळं कार्ड देतात. कार्डावर तिचं नाव होतं. ती आठवीत असताना शाळेत शिबिर झालं, बोटातून रक्त घेतलं, पुढे आरोग्य सेविका घरी येऊन कार्ड आईच्या हाती देऊन गेली. ताईने विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, “काही नाही निघालं.” शब्दशः पाहिलं तर आजार नव्हताच. पण चार वर्षं तिच्याच रक्ताची गोष्ट तिच्यापासून कुलपात होती.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून काका आले होते. जेवताना विषय निघाला. काका म्हणाले, बहिणीचं बोनमॅरो (हाडांतला, रक्त तयार करणारा मगज) दिलं की पोट्टा बरा होतो म्हणतात, मग थांबले कायले? ताई तेव्हा पोळ्या वाढत होती. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. “पोळी वाढ म्हटलं तसं मॅरो दे म्हटलं,” ती मला म्हणाली.

तिसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली, जशी काही किरकोळच. अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीसाठी तिने मनाशी केलेल्या पसंतीक्रमात सगळी कॉलेजं नागपूरची होती. पर्सेंटाइल पाहता पुण्याचा विचार सहज करता आला असता. घरातून कोणी अडवलं होतं का? नाही. विषयच निघाला नव्हता.

कोणते पर्याय होते

इथे तीन प्रश्नांचा गुंता झाला होता: कार्डाचा, मॅरोचा आणि कॉलेजचा. घरच्यांना त्यातला मॅरोचाच दिसत होता, कारण तो बाबूबद्दल होता. मला पहिला निर्णय क्रमाचा घ्यायचा होता. कॅपची तारीख जवळ होती, त्यामुळे कॉलेज आधी घ्यावं असं वाटणं स्वाभाविक. पण आपल्या शरीराबद्दल चार वर्षं खोटं ऐकलेल्या मुलीला ‘तुला काय हवं ते मोकळेपणाने निवड’ म्हणण्याला काय अर्थ? म्हणून कार्ड आधी.

त्यातही दोन वाटा होत्या. आईला समोर बसवून बोलायचं, किंवा ताईला आधी एकटीला वैद्यकीय माहिती द्यायची आणि आईची भेट नंतर. पहिल्या वाटेत भांडण लवकर मिटतं, पण मुलगी आईचे डोळे पाहून स्वतःचे प्रश्न गिळते. मी दुसरी वाट घेतली. तिचा पहिला प्रश्न “मलाही तसं दुखेल का?” हा होता. रात्री पायात गोळे आले की ती घाबरून जागी राहायची, कोणाला सांगायची नाही. लग्नाचा प्रश्न तिने त्या भेटीत विचारलाच नाही. आई मात्र चार वर्षं त्याच धाकात होती.

मॅरोबाबत डॉक्टरांचं म्हणणं असं: दाता आणि रुग्ण जुळतात का हे ज्यावरून ठरतं ते पेशींवरचे एचएलए घटक सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. वाहक असणं दाता होण्याच्या आड येत नाही. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाकडून लहान वयात केलेल्या प्रत्यारोपणाचे निकाल चांगले आहेत, पण आधी केमोथेरपी द्यावी लागते, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवण्याचा धोका असतो, आणि जिवाचा धोका थोडा असला तरी असतोच. बाबूला पक्षाघात झालेला नव्हता, छातीचा गंभीर त्रास झालेला नव्हता. औषध नियमित घेतलं की क्रायसिस कमी व्हायचे, चुकलं की वाढायचे. म्हणजे घाई नव्हती. पर्याय तीन: तपासणी आत्ता, तपासणी काही वर्षांनी, किंवा कधीच नाही. ताईला १८ पूर्ण झाली होती, त्यामुळे संमती कायद्याने तिची एकटीची होती. घरात मात्र ती वडिलांनी द्यायची गोष्ट मानली जात होती.

कॉलेजबाबत नागपूर, पुणे आणि मधलं अमरावती. नागपुरात राहिली तर घर जसं चाललंय तसं चालणार, आणि त्यातच तोटा होता: बाबू कधीच स्वतःची कॅप्सूल स्वतः घेणार नाही. पुणे दूर, रात्री निघालं तर सकाळी पोचायचं. अमरावती दीडशे किलोमीटर, एसटीने तीनेक तास, आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. पैशाचा भाग फार चर्चेचा झाला नाही. फी सवलतीत बसत होती, हॉस्टेलचा खर्च वडील ओव्हरटाइम करून भागवू म्हणाले.

काय केलं

आई आणि ताई समोरासमोर बसल्या तेव्हा आईने स्वतःहून बोलायला सुरुवात केली. “दोघांचंही एएस निघालं, पण बोलणं मलेच बसलं. सासू म्हणे, तुह्या माहेरचं रक्त खराब. तेच पोरीच्या माथी काहून लावू?” कार्ड लपवण्यामागे एवढंच होतं. ताईचा राग त्याने गेला नाही. पण तो कोणावर काढायचा, हे तिला नीट कळेनासं झालं, आणि त्यामुळे बोलणं सुरू झालं. वडील गप्प होते. दोघंही वाहक असल्याचं त्यांना माहीत होतं आणि आपल्या आईला त्यांनी कधी थांबवलं नव्हतं. त्या भेटीत मी ते उकरलं नाही.

वाहक असणं हा आजार नाही. वाहक माणूस साधारण आयुष्य जगतो. फार उन्हात फार कष्ट करताना पाणी पिणं सोडायचं नाही, लघवीतून रक्त गेलं तर डॉक्टरांना पिवळं कार्ड दाखवायचं, आणि जोडीदाराची तपासणी लग्नाआधी करून घ्यायची. हे सगळं ताईला लिहून दिलं. कार्ड तिने स्वतःकडे ठेवलं.

मग कामांचा कागद. ताई बाबूसाठी काय काय करते ते तिने एका कागदावर लिहायचं आणि वडिलांनी मोठ्याने वाचायचं. कागद पाठपोट भरला. कॅप्सूल, बाटली, ताप मोजणं, प्लीहा वाढली का हे पोटावर हात ठेवून बघणं, ओपीडीची रांग, रक्ताचा रिपोर्ट आणणं, शाळेत पीटीतून सूट मागणारी चिठ्ठी, शिक्षकांशी बोलणं, ‘डोळे पिवळे, कावीळ झाली का बे’ म्हणणाऱ्या पोरांना दटावणं, चादर. वडील चादरीपाशी थांबले. त्यांना ते माहीतच नव्हतं.

वाटणी करताना सगळ्यात जास्त विरोध बाबूने केला. बारा वर्षांचा मुलगा, आजवर पाण्याची बाटलीही हातात आयती मिळालेली. “ताई जाऊन राहिली म्हणून मले शिक्षा काय?” त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं. त्याच्याशी झालेलं बोलणं इथे सविस्तर देत नाही, पण एक गोष्ट कामी आली. कॅप्सूल आणि चादर ही दोन कामं त्याने स्वतः निवडली. रात्री अडीचचा गजर लावून उठायचं, आणि तरी ओलं झालं तर चादर मशीनमध्ये आपणच टाकायची. इतकी वर्षं त्याची लाज दुसऱ्याच्या हातात होती. ती त्याला परत हवी होती, आणि हे आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

आईसाठी एका पानाची मराठी पत्रिका केली: ताप १०१ च्या वर गेला, श्वास लागला, छातीत दुखलं, पोट एकदम फुगलं आणि मूल पांढरं पडलं, हात-पाय किंवा तोंडाची एक बाजू लुळी पडली, यातलं काहीही झालं की घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. मागच्या बाजूला औषधं आणि रक्तगट. रात्रीच्या वेळी रुग्णालयात न्यायचं काम वडिलांचं, ते पाळीवर असतील तर शेजारच्या ऑटोवाल्या भाऊंचं.

मॅरोबद्दल डॉक्टरांनी ताईशी वेगळं बोलायचं ठरवलं, आणि एक सोय आधीच केली. तिला नको असेल तर घरच्यांना ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच सांगितलं जाईल, कारण दिलं जाणार नाही. काही सहकारी याला खोटेपणा मानतात. मला तसं वाटत नाही. नाही म्हणायची वाट बंद असलेल्या माणसाचं हो मोजायचं कसं? ताईने दोन आठवडे घेतले आणि तपासणीला हो म्हटलं. पसंतीक्रम तिने त्याच काळात नव्याने भरला. पुणे वर, मग अमरावती, नागपूर खाली.

पुढे काय झालं

एचएलए अर्धाच जुळला. अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, पण गुंतागुंत जास्त, आणि बाबूची प्रकृती पाहता डॉक्टरांनी तो विषय तूर्त बाजूला ठेवला. ताई त्या दिवशी खूप रडली. सुटल्यासारखंही वाटलं आणि त्या सुटल्याचीच लाज वाटली, असं तिने सांगितलं. दोन्ही खरं होतं. आईने तिला जवळ घेतलं. काकांनी फोनवर विचारलं, दुसऱ्या कोण्या लॅबमध्ये पाहायचं का.

प्रवेश अमरावतीला मिळाला. पुणे थोडक्यात हुकलं.

पहिले काही महिने बरे गेले. बाबूच्या कॅप्सूल चुकल्या, पण ताईच्या हातून चुकायच्या त्यापेक्षा कमी. हे कळल्यावर ताईलाच जरा लागलं. मग डिसेंबरच्या थंडीत मोठा क्रायसिस आला, कंबर आणि मांड्या, सलाईन आणि दुखण्याच्या इंजेक्शनसाठी भरती करावं लागलं. आई-वडिलांनी पत्रिकेप्रमाणे सगळं वेळेवर केलं. आणि ताईला कळवलं नाही. तिची सेमिस्टरची परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी बाबूनेच वॉर्डातून आईच्या मोबाइलवरून तिला मेसेज केला.

ती संध्याकाळच्या एसटीने आली आणि भावाला भेटण्याआधी कॉरिडॉरमध्ये आईशी भांडली. भांडण जुनंच होतं: माझ्या भल्यासाठी म्हणून माझ्यापासून लपवायचं. आईच्या मते तिने पोरीला मोकळं सोडलं होतं. ताईच्या मते तिला पुन्हा घराबाहेर ठेवलं होतं. मला दोघींचं पटलं, आणि नियम ठरला तो ताईने सुचवलेला: भरती झाली की त्याच दिवशी कळवायचं, यायचं की नाही ते ती ठरवेल, आली नाही तर कोणी काही बोलायचं नाही. उन्हाळ्यात पुन्हा एकदा अशी वेळ आली तेव्हा ती आली नाही. व्हिडिओ कॉलवर बाबूशी तासभर बोलली, बहुतेक क्रिकेटवर.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा निदानाची. आठ वर्षांच्या मुलीला दहा मिनिटं बसवून सांगता आलं असतं: हा आजार लागत नाही, तुझ्यामुळे झाला नाही, तुला काही विचारायचं आहे का. उष्ट्या पाण्याचा अपराध तिने इतकी वर्षं वाहिला नसता. तिथे समुपदेशन झालं होतं, पण आई-वडिलांचं. भावंडं ओपीडीबाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसलेली असतात.

दुसरी जागा शाळेतल्या शिबिराची. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती. त्यात अशी लाखो मुलं असतील. अल्पवयीन मुलाचं कार्ड पालकांच्या हाती जाणं योग्यच. पण कार्ड दिलं की काम संपलं असं धरलं जातं. मूल पंधरा-सोळाचं झाल्यावर निकाल त्याला स्वतःला पुन्हा समजावून सांगायची पद्धत हवी, नाहीतर कार्डं लॉकरमध्येच राहतात. ज्या घरात आधीच एक एसएस मूल आहे, तिथे हा पाठपुरावा अवघडही नाही. ते घर दर काही महिन्यांनी ओपीडीत येतच असतं.

तिसरी जागा काकांचं ते जेवण. प्रत्यारोपणाचा विषय घरात कोण, कुठे आणि कोणासमोर काढतो, हे डॉक्टरांच्या हातात नसतं, हे मान्य. पण एसएस मूल असलेल्या घराला भावंडाच्या मॅरोबद्दल आज ना उद्या ऐकू येणारच. तेव्हा ते आधी दवाखान्यातच, शांतपणे, दात्याच्या बाजूनेही सांगून ठेवलेलं बरं.

काही गोष्टी अजून लोंबकळत आहेत. बाबू आता तेरा वर्षांचा आहे. मोठ्यांच्या ओपीडीत जाण्याआधी त्याच्याशी त्याच्या लग्नाबद्दल आणि मुलांबद्दल कोण बोलणार हे ठरलेलं नाही. ताईने ते मी करते म्हटलं, आणि यावेळी वडिलांनीच तिला थांबवलं. काकांना मी दोनदा निरोप पाठवला. सख्खा भाऊ वाहक असल्याने ते स्वतःही वाहक असू शकतात. त्यांच्या दोन्ही मुलांची तपासणी अजून झालेली नाही, आणि मोठ्या मुलासाठी मुली पाहणं सुरू आहे.